पेटीतले नाणे : टाकसाळीची चूक की घरातली इजा?

भगिनींनो, या सदराकडे एरवी पत्रे येतात ती डाळीतल्या किड्यांची, साडीवरच्या तेलाच्या डागांची, नाहीतर बरणीतल्या लोणच्याला आलेल्या बुरशीची. पण दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातून आलेल्या पत्रांचा एक गठ्ठा मी वेगळाच बांधून ठेवला आहे. त्या साऱ्यांत विषय एकच, जुनी नाणी. अंबाजोगाईच्या एका भगिनीला रुपयावरची अक्षरे उलटी दिसतात. गेवराईच्या भगिनीने सासूबाईंच्या पेटीतले चारमिनारचे बारा रुपये चिंच लावून लख्ख केले आहेत आणि विचारतात, "आता यांचे किती येतील?" परळीच्या भगिनीच्या मुलाला पुरीसारखा पसरलेला एक रुपया सापडला आहे.

माजलगावचे पत्र मात्र वाचून वाईट वाटले. मोबाईलवर व्हिडिओ पाहिला, "हे नाणे असेल तर पाच लाख मिळवा." फोटो पाठवला. समोरच्याने लगेच होकार दिला, आणि नोंदणी फी म्हणून दोन हजार मागितले. मग कर म्हणून साडेचार हजार. दोन्ही रकमा गेल्या. यजमानांना अजून सांगितलेले नाही, असे शेवटी बारीक अक्षरात लिहिले आहे. त्यांना उत्तर देणार आहेच, पण त्याआधी आपल्या हातातले नाणे काय आहे हे आपले आपल्याला ओळखता आले पाहिजे. ज्या बाईला ते ओळखता येते तिला असल्या व्हिडिओने भुरळ घालणे कठीण.

नाणे टाकसाळीतून बाहेर पडले तेव्हाच वेगळे होते, की बाहेर आल्यावर त्याचे काही झाले, एवढेच खरे तर पाहायचे असते. पहिल्या प्रकाराला नाण्यांचे छंदी लोक टाकसाळीची चूक म्हणतात आणि तिला मोल देतात. दुसरी ती इजा. तिला मोल नाही, उलट चांगल्या नाण्याचे मोल ती उतरवते. गंमत अशी की दोन्ही वरवर सारखीच विचित्र दिसतात.

टाकसाळीचे काम आपल्या स्वयंपाकघराहून फार निराळे नाही हो. धातूची लांब पट्टी लाटून घेतात आणि वाटीने पुऱ्या पाडाव्यात तशा तिच्यातून कोऱ्या चकत्या पाडतात. चकतीची कड थोडी उचलून घेतात. मग खाली एक साचा, वर एक साचा आणि भोवती एक कडे, यांच्यामध्ये चकती ठेवून प्रचंड दाब देतात. एका ठोक्यात दोन्ही बाजूंचे चित्र उमटते आणि कडेचे दातेही पडतात. चूक व्हायची ती या तीन जागीच होते : चकतीत, साच्यात, किंवा ठोक्यात.

आता पुऱ्या पाडताना वाटी आधीच्या भोकावर थोडी चढली तर काय होते? पुरीला चंद्रकोरीचा घास पडतो. चकतीचेही तसेच. अशा नाण्याची एक बाजू चावल्यासारखी दिसते. पण कानशीने घासूनही तसाच घास पाडता येतो, मग ओळखायचे कसे? घासाच्या बरोबर समोरची कड बघा. टाकसाळीतच घास पडलेला असेल तर कड उचलताना समोरच्या बाजूला पुरता दाब मिळत नाही, म्हणून तिथली कड बहुधा दबलेली, पुसट असते. शिवाय घासाजवळची अक्षरे हळूहळू विरत जातात. कानशीच्या नाण्यात समोरची कड ठणठणीत आणि अक्षर सुरीने कापल्यासारखे अर्धे. भिंगातून कानशीच्या बारीक रेघाही दिसतात.

साच्याचे बघा. मोदकाच्या साच्यात पीठ अडकले की त्या जागी पाकळी उमटत नाही. टाकसाळीच्या साच्यात वंगण आणि धुरळा बसला की नाण्यावरचे एखादे अक्षर किंवा सालाचा आकडा येतच नाही. हे फार वेळा होते, म्हणून अशा नाण्याला दर्शनी किमतीहून फारसे जास्त कोणी देत नाही. साचा तडकला तर मात्र लक्षात ठेवण्यासारखी खूण मिळते. साच्यातल्या चिरेत धातू शिरतो आणि नाण्यावर उंच रेघ उठते. घरातला ओरखडा नेहमी खोल असतो. नखाचे टोक हलकेच फिरवा. नख अडखळून वर चढले तर साच्याची चीर, खाली घसरले तर विळी, खिळा, नाहीतर कुलपाची किल्ली!

ठोक्यातल्या चुका डोळ्यांना सर्वांत जास्त दिसतात. चकती मधोमध बसली नाही तर चित्र एका बाजूला सरकते आणि दुसऱ्या बाजूला कोरी कोर राहते. भोवतीचे कडे नसले तर नाणे पसरट होते आणि कडेला दाते पडत नाहीत. अंबाजोगाईच्या भगिनींनी लिहिलेला प्रकार या सगळ्यांत गमतीचा. एखादे नाणे साच्याला चिकटून बसते आणि खाली नवी चकती येते. आता तिच्यावर साच्याऐवजी ते चिकटलेले नाणेच दाबले जाते. मग एका बाजूला नेहमीचे उंच चित्र आणि दुसऱ्या बाजूला तेच चित्र, पण उलटे आणि खोलगट, आरशातल्यासारखे. नाण्यांच्या बाजारात याला 'लाखी' म्हणतात. नावावरून लाख रुपये मिळतील असे समजू नका बरं का, पण छंदी लोक ते आवडीने घेतात हे खरे.

आणि म्हणूनच त्याची नक्कलही होते. दोन नाणी एकमेकांवर ठेवून लोहाराच्या शेगड्यात आवळली किंवा हातोड्याने ठोकली की एकाची अक्षरे दुसऱ्यावर उलटी उमटतात. अंबाजोगाईच्या भगिनींनी आपले नाणे उन्हात तिरके धरावे. उलट्या अक्षरांखाली मूळचे चित्र चेपलेल्या अवस्थेत दिसत असेल, किंवा मागची बाजू सपाट झाली असेल, तर तो ठोकाठोकीचा प्रकार. खऱ्या लाखीत एका बाजूचे चित्र स्वच्छ, ठसठशीत असते आणि उलटी बाजूही पूर्ण, एकसंध असते.

परळीचा पसरलेला रुपया रुळावरचा असणार, हे मी इथे बसून सांगू शकते. परळी वैजनाथला निजामाच्या काळापासून रेल्वे आहे. तिथल्या पोरांच्या किती पिढ्यांनी रुळावर पैसे ठेवले असतील! (बीड शहरात गाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ ला, तेव्हा आता हा उद्योग तिथेही सुरू होईल. आयांनी लक्ष ठेवा. नाणे जाईल तर जाईल, पोर रुळावर नको.) चाकाखालच्या नाण्याचे चित्र एका दिशेने ओढलेले आणि पुसलेले असते. पसरट टाकसाळी नाण्याचे चित्र पूर्ण आणि ठसठशीत असते, फक्त कड पसरते.

एक नकली प्रकार हल्ली फार दिसतो. नाणे तेजाबात बुडवून पातळ करतात आणि "टाकसाळीने पातळ काढलेले" म्हणून विकतात. असले नाणे सगळीकडून सारखेच झिजलेले दिसते, अक्षरे सडपातळ होतात आणि अंगावर खरखरीत, मेलेला रंग येतो. दहा रुपयांच्या नाण्याचा मधला भाग ठोकून काढतात तोही असाच उद्योग. ते दोन भाग आधी एकत्र बसवून मगच ठसा मारतात. ठशाच्या वेळीच मधला भाग नसता तर बाहेरच्या कड्याची आतली कड दाबाने आत पसरली असती. ती सरळ आणि कोरीव असेल तर मधला भाग मागाहून काढलेला आहे. चलनातले नाणे वितळवणे किंवा नष्ट करणे हा २०११ च्या नाणे कायद्याने गुन्हा आहे, हेही घरातल्या उद्योगी मंडळींच्या कानावर घाला.

आता आपल्या भागातल्या खास नाण्यांकडे येते, कारण बीडच्या घराघरांतल्या पेट्यांत कलदारापेक्षा हालीच जास्त. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड निजामाच्या राज्यात होते आणि त्या राज्याचे नाणे वेगळे होते. त्याला हाली शिक्का म्हणत. इंग्रजी रुपया तो कलदार. सहा कलदारांना सात हाली असा हिशेब असे. आजेसासूबाई असतील तर विचारून बघा, लहानपणी ऐकलेला हा हिशेब त्यांना पाठ असेल. कलदार ११.६६ ग्रॅमचा आणि हजारात ९१७ भाग चांदीचा. हाली ११.१८ ग्रॅमचा आणि ८१८ भाग चांदीचा. सराफाच्या काट्यावर वजन करून घ्यायला कितीसा वेळ लागतो? वजन बरेच कमी भरले तर एकतर नाणे नकली, नाहीतर कोणी कड घासून चांदी काढलेली. दुसरी एक सोपी परीक्षा लोहचुंबकाची. चांदीला चुंबक धरत नाही. १९४७ चा वाघाच्या चित्राचा रुपया मात्र चुंबकाला चिकटतो, म्हणून तो खोटा समजू नका, तो निकेलचाच आहे.

चारमिनारचे चित्र हालीवर आले १९०३ च्या सुमारास, यंत्राने नाणी पाडू लागले तेव्हा. चारमिनारच्या दारात एक फारसी अक्षर असते. मीम असेल तर नाणे मीर महबूब अली खानांचे, ऐन असेल तर मीर उस्मान अली खानांचे. उस्मान अलींच्या अगदी सुरुवातीच्या नाण्यांवर हा ऐन अर्धा आहे, पुढे पूर्ण झाला. तो अर्धा ऐन पाहून "अक्षर तुटलंय, चूक आहे," असे कोणी म्हणाले तर हसून सोडून द्या. तो साच्याचा प्रकारच तसा आहे. नाण्यावर ९२ हा आकडा दिसतो तोही साल नव्हे. फारसी अक्षरांना आकडे देण्याची जी रीत आहे तिच्याप्रमाणे महंमद या नावाची ती बेरीज आहे. साल हिजरी असते, १३३० वगैरे. तेव्हा "आमच्याकडे सातशे वर्षांपूर्वीचं नाणं आहे," असे एका भगिनीने मोठ्या हौसेने कळवले आहे, ते साधारण १९१२ सालचे निघेल.

त्याआधीचा हाली हाताने ठोकलेला. साचा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे मजकूर कधीच पुरता बसत नसे. अर्धी अक्षरे कडेबाहेर जायची. ही चूकही नव्हे आणि इजाही नव्हे, त्या काळची पद्धतच ती. अशा रुपयांवर बारीक चांदण्या, टिंबे, फुल्या ठोकलेल्या दिसतात. चांदी खरी की खोटी हे पाहण्यासाठी सराफांनी मारलेल्या त्या खुणा. काटेकोर संग्राहकाला त्या नको असतात, मला विचाराल तर मला त्या आवडतात. किती पेढ्यांवरून तो रुपया फिरला हे त्यावरून दिसते.

भोकाच्या पैशाबद्दल नेहमी विचारणा होते. १९४३ ते १९४७ चा इंग्रजी पैसा मधोमध भोक ठेवूनच पाडलेला आहे. युद्धात तांबे वाचवायचे होते. ते भोक मूळचेच. पण रुपयाला भोक असेल तर ते सोनाराने किंवा आजीने पाडलेले. ताईतासाठी, बाळाच्या करदोट्यासाठी रुपया ओवण्याची पद्धत होती. हारात घालायला रुपयाला कडी डाक लावून जोडत. कडी काढून टाकली तरी कडेला डाकेचा पिवळट फुगवटा राहतो. कानशीने तो घासला की कडेचे दाते जातात. म्हणून ज्या भगिनींकडे कडीचे रुपये आहेत त्यांनी कडी काढू नये. नाणे म्हणून त्याचे मोल आधीच उतरलेले आहे, दागिना म्हणून मात्र ते अजून पुरते शाबूत आहे.

नव्या नाण्यांवरच्या ज्या खुणांना चूक समजतात त्यांचे थोडक्यात सांगते. सालाखाली चौकट असेल तर नाणे मुंबई टाकसाळीचे, चांदणी असेल तर हैदराबादचे, टिंब असेल तर नॉयडाचे, आणि काहीच नसेल तर कोलकात्याचे. वैष्णोदेवीचे पाच आणि दहा रुपये २०१२ साली काढलेली साधी स्मारक नाणी आहेत. दहाच्या नाण्यावर किरणे दहा असोत की पंधरा, दोन्ही खरी. रिझर्व्ह बँकेने २०१८ च्या जानेवारीत चौदा प्रकारांची दहाची नाणी चालतात असे जाहीर केले होते, तरी आपल्याकडचे भाजीवाले डोके हलवतातच! पावलीचे म्हणाल तर चार आणे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. आठ आणे अजून कायद्याने चालतात.

राम-सीता किंवा मारुतीचे चित्र आणि ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, साल १८१८, असे तांब्याचे 'नाणे' घेऊन कोणी दारात आला तर दार लावून घ्या. असले नाणे कंपनीने पाडलेले नाही. ते "तांदूळ ओढते" वगैरे म्हणून लाखो रुपयांना लोकांना फसवले गेले आहे.

आता गेवराईच्या चिंचेचे. वाईट वाटू देऊ नका, पण नाणे घासणे ही सर्वांत मोठी इजा. जुन्या चांदीवर वर्षानुवर्षे चढलेला राखी-निळसर थर म्हणजे तिचे वय. चिंच, राख, लिंबू, रांगोळी, भांड्यांची पूड यांपैकी काहीही लावले की तो थर जातो आणि भिंगातून पाहिले तर केसासारख्या हजार रेघा एकाच दिशेने दिसतात. संग्राहक ते एका नजरेत ओळखतो आणि भाव पाडतो. झाले ते परत येत नाही. आता त्यांना मुलामा देऊ नका, चकाकी यायला आणखी काही लावू नका, आहेत तशी राहू द्या. काही वर्षांनी रंग थोडा उतरेल.

"मग लक्ष्मीपूजनाला काय करायचं?" असे तुम्ही विचाराल. पंचामृताने न्हाऊ घालायला चलनातली पाच-सात नाणी वेगळी ठेवा. जुनी नाणी कोऱ्या कागदाच्या पुडीत बांधून ताटात ठेवा आणि हळद-कुंकू पुडीवर वाहा. ओले कुंकू चांदीवर राहिले तर डाग धरते. नाणे नेहमी कडेने धरावे, बोटाचा घाम चित्राला लागू नये. माती लागली असेल तर साध्या पाण्यात बुडवून ठेवावे आणि मऊ सुती फडक्यावर टिपून घ्यावे, पुसू नये. मऊ, चिकट वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत ठेवू नये, त्यांनी नाण्यावर हिरवट चिकटा येतो. रबर तर अजिबात नको, चांदी काळी पडते. राक्षसभुवनला गोदावरीत सापडलेली नाणी घेऊन एक-दोघींनी विचारले आहे. पाण्यातल्या नाण्यावर खड्डे पडतात आणि ते कशानेही भरत नाहीत, घासून तर मुळीच नाही.

जुने घर पाडताना किंवा शेतात मडकेभर नाणी निघाली तर ती सोनाराकडे न्यायची नाहीत. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचा जुना ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावेच लागते.

माजलगावच्या भगिनींनो, आता तुमचे. नाणे विकत घेणारा माणूस तुमच्याकडून पैसे मागत नाही, तो देतो. नोंदणी, कर, विमा, कुरियर, कुठल्याही नावाने आधी पैसे मागितले की तिथेच व्यवहार तोडायचा. रिझर्व्ह बँकेचे नाव आणि चिन्ह वापरून असे फसवतात म्हणून बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सूचना काढली होती. आपण असल्या खरेदी-विक्रीत नाही आणि कोणाकडून फी वा कमिशन घेत नाही, असे तिने त्यात सांगितले आहे. तुम्ही १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करा. पैसे कोणत्या खात्यात गेले, किती वाजता गेले, ते संदेश पुसू नका. जितकी लवकर तक्रार तितकी रक्कम थांबवण्याची आशा जास्त. आणि यजमानांना आजच सांगा. तुम्ही चोरी केलेली नाही, तुमची चोरी झाली आहे. ते रागावतील फार तर एक संध्याकाळ. तो माणूस मात्र अजून तुमच्या नंबरवर आहे, "शेवटचे तीन हजार भरा म्हणजे सगळे परत मिळेल," असे म्हणून तो पुन्हा येईल, आणि लपवून ठेवलेल्या गोष्टीचा धाक दाखवील.

नाणे खरोखर दाखवायचे असेल तर घरातल्या कोणाला बरोबर घेऊन जा. दोन वेगवेगळ्या जाणकारांना दाखवा, आणि दाखवताना किंमत त्यांना सांगू द्या, आपण आधी बोलू नका. त्याआधी घरीच नाण्याच्या दोन्ही बाजूंचा आणि कडेचा फोटो काढून, वजन लिहून ठेवा. नाणे बदलले गेले तर हाच पुरावा.

चौसाळ्याच्या भगिनींनी विचारले आहे की सासूबाईंचे अकरा हाली रुपये तीन जावांत कसे वाटावेत. तीन-तीन वाटून दोन देवघरात राहू द्या. पण वाटण्याआधी प्रत्येकाच्या दारातले अक्षर बघून घ्या. मीमचे असतील ते एकीकडेच जायला नकोत, नाहीतर पुढे तुमच्या मुली मला पत्र लिहितील! हातसडीच्या तांदळाबद्दलची राहिलेली उत्तरे पुढच्या अंकी.